औषधाचा नेम

म्हैसुराहून उटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारे पंचवीस किलोमीटरांच्या अंतरावर, कपिला नदीच्या काठी नंजनगूड हे गाव लागते. आपल्याकडील प्रवासी बहुधा चामुंडीची टेकडी आणि वृंदावन उद्यान पाहून उटीच्या ओढीने तेथून पुढे निघून जातात. जे थांबतात, ते श्रीकंठेश्वराच्या विशाल देवालयासाठी थांबतात. या देवाचे लोकांच्या तोंडचे नाव नंजुंडेश्वर. कानडीत 'नंजु' म्हणजे विष आणि 'उंड' म्हणजे सेवन केलेला. आपण ज्याला नीलकंठ म्हणतो तोच हा देव. टिपू सुलतानाच्या हत्तीचा डोळा या देवाच्या कृपेने बरा झाला आणि तेव्हापासून सुलतानाने त्याला 'हकीम नंजुंड' असे संबोधिले, अशी आख्यायिका आहे. रोगनिवारणासाठी नवस करून येथे येणाऱ्यांची रीघ आजही आहे. गावाच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने उभे राहिले, आणि वैद्य देव व औषधी कारखाने असे दोन्ही एकाच गावी नांदत आहेत.

विष पचविणाऱ्या देवालाच लोकांनी वैद्य मानावे यात मला मोठे औचित्य वाटते. कारण कर्करोगावरील पुष्कळशी औषधे ही अक्षरशः विषेच आहेत. त्यांतील अगदी पहिल्यांपैकी एक औषध तर युद्धातील विषारी वायूच्या अभ्यासातून निघाले. हलाहल कंठाखाली उतरू न देता तेथेच धरून ठेवावे, तद्वत् हे विष ठराविक मात्रेत, ठराविक वेळी आणि ठराविक काळपर्यंत घ्यावयाचे असते. मात्रा चुकली तर ते एक तर निरुपयोगी ठरते, नाही तर घातक.

पूर्वी ही मात्रा सांभाळण्याचे काम रुग्णालयाचे होते. शिरेत सुई टोचून औषध द्यावयाचे, परिचारिकेने थेंब मोजावयाचे आणि वहीत नोंद करावयाची, असा तो प्रकार होता. आज अनेक कर्करोगांवर गोळ्या निघाल्या आहेत. रुग्ण महिन्याच्या गोळ्या पिशवीत घालून गावी जातो आणि परिचारिकेचे काम त्याच्या घरावर येऊन पडते. नंजनगुडासारख्या गावच्या रुग्णाला याचे मोल फार आहे. तपासणीसाठी म्हैसूर गाठावयाचे किंवा दीडशेहून अधिक किलोमीटरांवरील बंगळूरच्या किडवई संस्थेत जावयाचे, म्हणजे त्याची आणि सोबत्याची मजुरी बुडते. कोल्हापूर-सांगलीकडून मुंबईच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्यांची स्थिती याहून निराळी नाही. गोळीने हे हेलपाटे कमी केले, परंतु त्याचबरोबर एक नवी जबाबदारी आणली, आणि तिची पुरेशी जाणीव अद्याप ना घरांना आहे, ना, खरे सांगावयाचे तर, सर्व रुग्णालयांना.

कोणाला वाटेल, प्राणावर बेतले असता गोळी कोण चुकवील? ही समजूत चुकीची आहे. रक्ताच्या कर्करोगाचा एक सावकाश वाढणारा प्रकार आहे. त्यात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले, आणि पुढे चाळीस वर्षांनी त्याच दोषावर नेमका घाव घालणारी इमॅटिनिब ही गोळी निघाली. २००१ साली तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. जो रोग काही वर्षांत माणसाला नेत असे, तो या गोळीने मधुमेहासारखा सांभाळता येऊ लागला. रोज एकदा, जेवणाबरोबर आणि मोठा पेलाभर पाण्यासह ती घ्यावयाची, येवढेच करावयाचे असते. लंडनमधील हॅमरस्मिथ रुग्णालयात अशा ८७ रुग्णांच्या औषधांच्या बाटल्यांना, झाकण केव्हा उघडले याची नोंद ठेवणारे यंत्र बसविण्यात आले. २०१० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे चौथ्या हिश्शाचे रुग्ण शंभरांतील नव्वद किंवा त्याहूनही कमी गोळ्या घेत होते. आता फरक पाहा. नव्वदांहून अधिक गोळ्या घेणाऱ्यांत सहा वर्षांत रोग समाधानकारक रीतीने दबण्याची शक्यता शेकडा ९४ च्या वर होती, आणि इतरांत ती शेकडा २८ च्या आसपास होती. महिन्याच्या तीस गोळ्यांपैकी तीन चुकल्या, तर शाळेच्या परीक्षेत नव्वद गुण मिळावेत. येथे मात्र त्या नव्वदांवर नापास होण्याची पाळी येते.

हे विलायतेचे झाले. आपल्याकडे तर किंमत हेच कारण असेल, असे म्हणता येईल. किंमत हे कारण होतेच. पेटंटवाल्या कंपनीची ही गोळी महिन्याला लाखाच्या वर जाई आणि भारतीय कंपन्यांची सुमारे आठ-दहा हजारांत मिळे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या पेटंटाची मागणी फेटाळली, म्हणून स्वस्त गोळीचा मार्ग मोकळा राहिला. परंतु त्याआधीही हजारो भारतीय रुग्णांना एका साहाय्य योजनेतून ही गोळी विनामूल्य मिळत होती. चेन्नईच्या अड्यार येथील कॅन्सर इन्स्टिट्यूटने अशा पाचशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. फुकट मिळणारी गोळीसुद्धा सुमारे तीस टक्के रुग्णांनी कधी ना कधी खंडित केली होती, आणि त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण अधिक होते. तेव्हा या प्रश्नाचे मूळ केवळ पैशात नाही.

ते मूळ शोधताना मला चरकाचे स्मरण होते. चिकित्सेचे चार पाद त्याने सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. प्रत्येकाचे गुणही सांगितले आहेत, आणि रुग्णाच्या ठायी तो स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व व ज्ञापकत्व यांची अपेक्षा करतो. म्हणजे लक्षात ठेवणे, सांगितल्याप्रमाणे करणे, न भिणे, आणि आपणास काय होते ते सांगता येणे. आपण या चारांपैकी दुसऱ्याचाच घोष करीत असतो. डॉक्टरांनी सांगितले आहे ना, मग घ्या! उरलेले तीन नसतील तर हे दुसरे टिकावे कसे?

स्मृतीचा उपाय त्या मानाने सोपा आहे. गोळी घड्याळापेक्षा घरातील एखाद्या नित्य कृत्याला बांधावी. जसे, सांजवातीला किंवा रात्रीच्या जेवणाच्या पानाला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात खूण करावी. वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून द्यावेत. पाकीट संपण्याच्या आठवडाभर आधीच नवे आणावे. मोबाईल दूरध्वनीची घंटाही चालेल. मात्र ती बंद करून 'मग घेऊ' म्हणण्याची सवय लवकर जडते.

खरी गुंतागुंत आहे ती निर्देशांतच. प्रत्येक औषधाचा कायदा निराळा. आतड्याच्या व स्तनाच्या कर्करोगावर देण्यात येणारी कॅपेसिटाबिन ही गोळी दिवसातून दोनदा, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यावयाची असते आणि बहुधा चौदा दिवस घेऊन सात दिवस थांबावयाचे असते. ते सात दिवस विश्रांतीचे असले तरी औषधयोजनेचाच भाग आहेत. 'बरे वाटते आहे, कशाला थांबा' असे म्हणून गोळी चालू ठेवणे हेही नेम मोडणेच होय. उलट पौरुषग्रंथीच्या कर्करोगावरील ॲबिराटेरोन रिकाम्या पोटी घ्यावयाची असते. अन्नाबरोबर ती रक्तात भलत्याच प्रमाणात उतरते. मग सोमवारच्या उपासाचे काय करावयाचे? नंजनगुडास सोमवार हा देवाचा वार. आपल्याकडे सोमवार आहे, एकादशी आहे, चतुर्थी आहे. मुसलमान बंधूंचा रमजान आहे. उपास धरावयाचा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्यास आहे. पण तो धरणार आहोत हे डॉक्टरांना आधी सांगावे, म्हणजे वेळांची काही व्यवस्था लावता येते. न सांगता गोळीच गाळली जाते, असा अनुभव आहे. पपनसाच्या जातीची फळे काही गोळ्यांशी जुळत नाहीत, तेही विचारून घ्यावे. नंजनगूडच्या प्रसिद्ध रसबाळे केळ्यांना मात्र मी नावे ठेवणार नाही.

मेथोट्रेक्सेटबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण त्या गोळीचा एक धागा आपल्या मुंबईशी जुळलेला आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या आणि गिरणीकामगार गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा त्यांनी शोध घेतला. यीस्टच्या अर्काने तो रक्तक्षय हटतो, हे त्यांना दिसले. त्यातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. अमेरिकेत काम करणारे आपले यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या चमूने ते आम्ल तयार केले आणि त्याच्या विरोधी गुणांची द्रव्येही घडविली. त्यांपैकी एक बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७ च्या सुमारास रक्ताचा कर्करोग झालेल्या बालकांना दिले, आणि त्या असाध्य रोगाला प्रथमच काही काळ उतार पडलेला दिसला. मेथोट्रेक्सेट हे त्याचेच भावंड. ते आज पुन्हा मुंबईच्या चर्चेत आले आहे. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगात, बरे होण्याची आशा उरलेली नसता, शिरेतून महागडे औषध देण्याऐवजी मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या घरी द्याव्यात काय, याची परीक्षा टाटा स्मारक केंद्राने ४२२ रुग्णांवर घेतली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान साडेसात महिने आणि सुईचे औषध घेणाऱ्यांचे सहा महिन्यांहून किंचित अधिक असे आढळले. तंबाखूच्या या देशात, गरिबाला दीड महिना अधिक मिळावा आणि तोही घरात, ही गोष्ट लहान नाही.

परंतु याच उपचारात एक भयंकर खाच आहे. सेलेकॉक्सिब रोज दोनदा घ्यावयाची आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. दोन्ही पाकिटे शेजारी शेजारी पडलेली असतात. चुकून मेथोट्रेक्सेट रोज घेतली गेली, तर तोंड सोलवटून निघते, रक्तातील पेशी घटतात आणि माणूस दगावतो. जगभर असे मृत्यू घडले आहेत. म्हणून 'आठवड्यातून एकदा' असे मोघम न लिहिता, 'फक्त गुरुवारी' असा वार लिहून घ्यावा, आणि तोही घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेत. नंजनगूडच्या रुग्णाला इंग्रजी चिठ्ठी, सोलापूरच्या तेलुगू भाषकाला मराठी सूचना आणि म्हैसुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी वृद्धेला तिसरीच भाषा, असे होता कामा नये. औषधे देणाऱ्याने सूचना सांगून संपल्यावर रुग्णाला एकच प्रश्न विचारावा : 'आता तुम्ही घरी जाऊन ही कशी घ्याल, ते मला सांगा.' या प्रश्नाच्या उत्तरात निम्म्या चुका तेथल्या तेथे उघडकीस येतात.

आता अभीरुत्व. भय दोन प्रकारचे असते. एक रोगाचे, दुसरे औषधाचे. आणि काळ लोटतो तसे दुसरे पहिल्यावर मात करते. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, जखम भरली, बाई घरकामाला लागली. ज्या गाठींची वाढ स्त्रीसंप्रेरकावर अवलंबून असते, त्या रुग्णांना त्यानंतर पाच वर्षे, कधी दहा वर्षे, टॅमॉक्सिफेनसारखी गोळी रोज घ्यावी लागते. पाच वर्षांच्या या सेवनाने त्या रोगाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. परंतु रोग तर कोठे दिसत नाही! दिसतो तो अंगाचा दाह, रात्रीचा घाम, सांध्यांची कुरकुर. अदृश्य शत्रूसाठी दृश्य त्रास किती दिवस सोसावा? तिसऱ्या-चौथ्या वर्षी गोळी सुटते ती अशी. मुलांच्या रक्तकर्करोगातही हेच. पहिल्या काही महिन्यांत रोग नाहीसा झाल्यासारखा होतो, मूल शाळेत जाऊ लागते, आणि त्यापुढे दोन वर्षांच्या आसपास मर्कॅप्टोप्युरिनच्या गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात. शंभरांतील पंच्याण्णवांहून कमी गोळ्या पोटात गेल्या की रोग उलटण्याचा धोका वाढतो, असे अमेरिकेतील अभ्यासात आढळले आहे. खेळणाऱ्या, हसणाऱ्या मुलाला रोज रात्री कडू गोळी देत राहणे, हे आईबापांचे तप आहे. त्यांना कोणी तरी हे सांगितले पाहिजे, की मूल हसते आहे ते या गोळीमुळेच.

आणि येथे मला आपल्या घरांतील एका मायाळू असत्याविषयी बोलावेसे वाटते. आजोबांना कर्करोग झाल्याचे त्यांना सांगावयाचे नाही, असे सर्वांनी मिळून ठरविलेले असते. गोळी ताकदीची म्हणून दिली जाते. आता ताकदीची गोळी एखादे दिवशी न घेतली तर काय बिघडले, असे आजोबांना वाटले तर दोष कोणाचा? आपण त्यांच्यापासून रोगाचे नाव लपविले, त्याबरोबर गोळीचे महत्त्वही लपविले. शिवाय रुग्णालयाच्या दारावरील पाटी वाचता येणारा मनुष्य फार दिवस फसत नाही. तो फक्त आपणांस फसल्याचे दाखवितो, आणि ज्या शंका त्याने डॉक्टरांना विचारावयाच्या, त्या मनात ठेवतो. किती सांगावे, कोणी सांगावे, कोणत्या शब्दांत सांगावे, याचे तारतम्य घरच्यांनी अवश्य बाळगावे. परंतु जो मनुष्य रोज हाताने विष उचलून तोंडात घालणार आहे, त्याला ते विष आहे आणि ते का घ्यावयाचे, इतके तरी कळलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिले ज्ञापकत्व, सांगता येणे. चारांत मी याला पहिला मान देतो. कॅपेसिटाबिनने तळहात व तळपाय लाल होतात, सोलतात, चुलीजवळ उभे राहवत नाही. इमॅटिनिबने डोळ्यांभोवती सूज येते, पायांत गोळे येतात. जुलाब लागतात, तोंड येते. यांतील बहुतेकांवर उपाय आहे. डॉक्टर मात्रा कमी करतात, चार दिवस थांबवितात, सोबत दुसरे औषध देतात. परंतु रुग्ण काय करतो? तो स्वतःच दोनाच्या जागी एक घेऊ लागतो आणि तपासणीला गेल्यावर 'सगळ्या घेतल्या' म्हणून सांगतो. डॉक्टरांनी कमी केलेली मात्रा आणि रुग्णाने गुपचूप कमी केलेली मात्रा, गोळीच्या आकाराने सारखीच. पण पहिलीत पुढच्या तपासणीचा अर्थ लागतो, दुसरीत लागत नाही. औषध लागू पडत नाही असे समजून अधिक तीव्र किंवा अधिक महाग औषधाकडे वळले जाते. रुग्ण औषधाबाबत खोटे बोलतात, अशी तक्रार ग्रीक वैद्यकाच्या प्राचीन ग्रंथांतही सापडते. मला मात्र वाटते, की रागे भरणारा वैद्य आणि खोटे बोलणारा रुग्ण ही एकमेकांनी घडविलेली जोडी आहे. 'गोळ्या घेतल्या ना?' या प्रश्नाला 'हो' याखेरीज उत्तर नसते. त्याऐवजी 'गेल्या आठवड्यात किती राहिल्या? राहतातच कधी कधी,' असे विचारून पाहावे.

पैशाचेही असेच आहे. महिन्याच्या गोळ्या दीड महिना पुरविणारे कुटुंब ती गोष्ट लाजेने सांगत नाही. सांगितली, तर रुग्णालयातील समाजसेवा विभाग, सरकारी योजना, धर्मादाय निधी, निदान त्याच औषधाची स्वस्त जात, असे काही मार्ग निघू शकतात. गावच्या वैद्याचा काढा चालू असेल, तेही सांगावे. त्यात निषेधार्ह असे काही नाही. पण दोन औषधे पोटात एकमेकांना भेटणार असतील, तर त्यांची ओळख आधी करून घेणे बरे.

घरी औषध घेणाऱ्या रुग्णावर विश्वास टाकावा की पाळत ठेवावी, हा वाद आपल्या देशाला नवा नाही. १९५६ साली मद्रासच्या क्षयरोग उपचार केंद्रात डॉ. वॉलेस फॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी प्रयोग आरंभिला. निम्मे गरीब रुग्ण आरोग्यधामात ठेविले, निम्म्यांना गोळ्या देऊन झोपडीत पाठविले. आरोग्यधामातील हवा, विश्रांती व सकस अन्न यांचा महिमा तेव्हा मोठा होता. १९५९ साली निष्कर्ष बाहेर आले : घरी राहिलेल्यांचा गुण जवळजवळ तितकाच, आणि त्यांच्या घरच्यांना अधिक लागणही नाही. जगभरची आरोग्यधामे यानंतर हळूहळू ओस पडली. पण या यशाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. त्या केंद्राचे लोक अवचित घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजीत, औषध पोटात गेले की नाही हे पाहण्यासाठी लघवी तपाशीत, आणि कोणी चुकत असला तर त्याच्याशी, त्याच्या घरच्यांशी बोलत बसत. घरी औषध यशस्वी झाले, ते घरापर्यंत कोणी तरी चालत गेल्यामुळे. कर्करोगाच्या गोळ्या देताना आपण औषध घरी पाठविले. माणूस पाठविण्याचे काम पुष्कळसे बाकी आहे. निदान दर पंधरवड्यास रुग्णालयातील परिचारिकेचा दूरध्वनी, आणि अडचण आली असता उलट दूरध्वनी करण्यास एक ठाऊक क्रमांक, इतके तरी सर्वत्र होण्यासारखे आहे.

घरातील परिचारकासाठी काही बारीकसारीक गोष्टी. गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नयेत. राहिल्याची नोंद करावी आणि त्या औषधाचा नियम विचारावा. घेतल्यावर उलटी झाली, तरीही आपल्या मनाने पुन्हा देऊ नये. गिळवत नाही म्हणून गोळी कुटू नये; ती पूड श्वासावाटे घरच्यांच्या अंगात जाते. गरोदर स्त्रीने तर या गोळ्यांना उघड्या हाताने स्पर्शही करू नये. ताप आला, रक्त गेले, जुलाब थांबेनात, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. प्रवासात गोळ्या मोठ्या सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवाव्यात आणि चिठ्ठी सोबत असावी. इमॅटिनिब घेणाऱ्या काही रुग्णांची गोळी, रोग अनेक वर्षे अतिशय खोल दबलेला राहिल्यावर, डॉक्टर वारंवार रक्त तपाशीत थांबवून पाहतात. त्यांतील सुमारे निम्म्यांना ती पुन्हा सुरू करावी लागते. कोणाची थांबविल्याचे ऐकून आपली थांबवू नये.

औषध बदलले किंवा उपचार संपले म्हणजे उरलेल्या गोळ्यांचा प्रश्न येतो. त्या त्याच रोगाच्या दुसऱ्या रुग्णाला दानबुद्धीने देण्याचा मोह होतो. परंतु त्याची मात्रा निराळी, त्याचे मूत्रपिंड निराळे. केरात किंवा मोरीतही त्या टाकू नयेत, आणि कपिलेच्या काय, कोणत्याही नदीच्या पाण्यात सोडू नयेत. पुढच्या तपासणीस जाताना त्या तशाच पाकिटात घालून रुग्णालयाच्या औषधालयात न्याव्यात. तेथे त्या मोजून घेतल्या जातात तेव्हा किती गोळ्या राहून गेल्या होत्या हेही कळते, आणि ते डॉक्टरांच्या उपयोगी पडते.